शनिवार-रविवार मोकळा राहावा म्हणून आठवडा कसा लावता?

ओसरी
सोमवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारायचं होतं, काल अगदीच असह्य झालं म्हणून आज मुलं झोपल्यावर लिहायला बसलेय. मी डोंबिवलीत राहते, ऑफिस फोर्टला, सोमवार ते शुक्रवार. घरात आम्ही दोघं, सासूबाई, मुलगा सहावीत आणि मुलगी दुसरीत. नवऱ्याची कंपनी तळोज्याला, त्याला फक्त रविवार. मला दोन दिवस सुट्टी आहे असं सगळे म्हणतात आणि मीही म्हणते, पण शनिवारी मुलांचे क्लास आणि बाहेरची कामं यात दिवस जातो आणि रविवारी घरातलं.

काल सकाळी सातला उठले. मशीन तीन वेळा लावलं, दळण टाकून आले, भाजी आणली, सासूबाईंच्या आठवड्याच्या गोळ्या डबीत भरल्या, मुलाचा सायन्सचा प्रोजेक्ट, पांढरे बूट धुणं, फ्रीज पुसणं, मटकी भिजत घालणं, दाणे भाजून कूट, इस्त्रीचे कपडे मोजून देणं. मधे बहीण आली होती बदलापूरहून, चार महिन्यांनी. ती ओट्याला टेकून बोलत होती आणि मी तिच्याकडे पाठ करून खवणीवर बसलेली. ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं की ती बरीच बारीक झालीये आणि मी तिला एका शब्दाने विचारलं नाही. संध्याकाळी साडेसहाला पहिल्यांदा खाली टेकले ते पण समोर पालकाची जुडी घेऊन. आज सकाळी गाडीत उभ्या उभ्या डोळा लागला, ठाणे कधी गेलं कळलं नाही.

मला रविवारी फिरायला जायचं नाहीये की सिनेमा बघायचा नाहीये, नुसतं बसायचंय. तुम्ही आठवडा कसा लावता ते खरं खरं सांगा, व्हिडिओत दाखवतात तसं एकसारख्या काचेच्या बरण्यांचं नको, आपल्या घरात जमेल असं.

पर्वती_पायथा
मंगळवार, सकाळी ६:५५

ताई, वाचून आमचंच घर वाटलं. मी बँकेत, बायको शाळेत. आमच्याकडे सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार बंद पण बाकीच्या शनिवारी ब्रँच पूर्ण दिवस, त्यामुळे जोडसुट्टी महिन्यातून दोनदाच आणि ती पण कामातच जायची.

आम्ही काय केलं सांगतो. एका रविवारी काहीही बदललं नाही, फक्त दोघांनी दिवसभरात जे जे केलं ते एका वहीत लिहीत गेलो, अगदी 'पाण्याच्या बाटल्या भरल्या' पर्यंत. रात्री मोजलं तर सव्वीस कामं निघाली. त्यातली रविवारीच करावी लागतील अशी चार होती. बाकीची बावीस रविवारी का होतात तर 'रविवारी बघू' म्हणून आपण ती आठवडाभर ढकलतो म्हणून. मग त्या बावीस कामांना वार लावून टाकले. मंगळवारी बायको शाळेतून येताना मंडई. बुधवारी रात्री मशीन, कारण आमच्या भागात गुरुवारी पाणी नसतं. गुरुवारी पाणीच नाही म्हटल्यावर कोरडी कामं, म्हणजे इस्त्री, बिलं, औषधं, मुलाच्या वह्यांना कव्हर. शुक्रवारी मी येताना दळण घेऊन येतो. एका दिवशी एकच काम, अर्ध्या तासाच्या वर जायचं नाही.

आणि एक सांगू का, वार ठरला की ते काम आठवावं लागत नाही, निम्मा थकवा त्या आठवण्याचाच असतो. माझ्या आजीचं सगळं वारावर होतं, देवाची उपकरणी घासायचा वार वेगळा, जातं झाडायचा वेगळा, शेणाने सारवायचा वेगळा. आपण घड्याळ घेतलं आणि वार सोडले.

मधुरा_गो
मंगळवार, सकाळी ११:२०

+१ वारासाठी. आमच्याकडे सोमवारी पालेभाजी करायचीच नाही असं ठरलंय, रविवारी निवडायला लागते म्हणून. सोमवारी दुधी नाहीतर बटाटा.

नीलकंठी
मंगळवार, दुपारी १:१०

ओसरी, राग मानू नकोस पण मला हे पटत नाही. पर्वती_पायथा दादांचं पुण्यात ठीक असेल, दोघं वेळेत घरी येत असतील. डोंबिवली ते फोर्ट म्हणजे दारापासून दारापर्यंत येऊन-जाऊन साडेतीन तास, ऑफिस नऊ तास, त्यात डबे आणि रात्रीचा स्वयंपाक. या बाईला बुधवारी रात्री अर्धा तास कुठून काढायचा? झोपेतूनच काढेल ना? म्हणजे रविवार मोकळा करायचा म्हणून पाच दिवस अजून पिळवटायचे आणि मग रविवारी अंगात जीवच नाही म्हणून पडून राहायचं. मी हे दोन वर्षं करून बघितलंय. शुक्रवारी रात्री साडेअकराला मी आलं-लसूण वाटत उभी असायचे आणि रविवारी डोकं धरून झोपायचे. घर चकाचक होतं, खरं आहे, पण मी चिडचिडी झाले होते आणि मुलगा माझ्याशी बोलायला घाबरायला लागला होता.

मला जे उपयोगी पडलं ते काम हलवणं नाही, काम कमी करणं आणि दुसऱ्याच्या अंगावर देणं. तू लिहिलेल्या यादीत बघ, सगळ्या वाक्यांची कर्ता तूच आहेस. दळण तू, गोळ्या तू, प्रोजेक्ट तू. सहावीतल्या मुलाला स्वतःचे बूट धुता येतात. आणि फ्रीज दर आठवड्याला नाही पुसला तर काय होतं? मी महिन्यातून एकदा पुसते.

पर्वती_पायथा
मंगळवार, दुपारी २:३५

नीलकंठी, मुद्दा बरोबर आहे, मान्य. आमची शाळा-बँक दोन्ही वीस मिनिटांवर आहे हे मी लिहायला हवं होतं. आणि आमच्या सव्वीसमधली सहा कामं शेवटी बंदच झाली हेही सांगायचं राहिलं. चादरी दर आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी, रुमाल-बनियनना इस्त्री बंद.

कळंबा_नाका
मंगळवार, रात्री ९:४०

मी कोल्हापुरात स्टाफ नर्स आहे. आमच्याकडे रविवार हा प्रकारच नाही, ऑफ कधी बुधवारी तर कधी शनिवारी, महिन्याचं ड्युटी चार्ट लागलं की कळतंय. त्यामुळे माझ्यासाठी वार ठरवून उपयोग नाही, मी ऑफपासून उलटं मोजत येते. ऑफच्या आदल्या दिवशी मॉर्निंग ड्युटी असली तर दोनला सुटून घरी आले की जेवून सगळी कामं त्याच दुपारी, अंगावरचे कपडे बदलायच्या आधीच सुरू करायची, एकदा आडवी झाले की मग होत नाही. रात्री नऊनंतर कशालाच हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी ऑफ.

अजून एक गोष्ट नवीन पोरींना मी नेहमी सांगते ती इथेही सांगते. नाईट करून सकाळी घरी आलं की तो दिवस सुट्टी म्हणून मोजायचा नाही. घरातले म्हणतात आज दिवसभर घरीच आहेस ना मग गॅसवाला येईल, मग बँकेत जाऊन ये. ती झोप आहे, विश्रांती नाही. मी दाराच्या बाहेरच्या बाजूला कागद चिकटवलाय, नाईट असली की दोन वाजेपर्यंत बेल वाजवायची नाही, शेजारच्या काकू पण आता पाळतात. ओसरीताई, तुम्हाला पण सांगायचं एवढंच की विश्रांतीची वेळ घरातल्यांना माहीत पाहिजे, नुसती आपल्या मनात असून चालत नाही.

चाळ_क्रमांक_४
बुधवार, सकाळी ७:१५

मी ७१ वर्षांचा आहे, लालबागला जन्म गेला, आता नाशिकला मुलाकडे असतो. हा धागा वाचून काल रात्री झोप लागली नाही म्हणून लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

आपण रविवारची सुट्टी म्हणतो ती सहज मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांना एकत्र केलं, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला, त्यात आठवड्यातून एक दिवस सुट्टी ही मागणी होती. सहा वर्षं झगडावं लागलं, १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे महात्मा फुल्यांचे सहकारी, दीनबंधू पत्र त्यांनी चालवलं. पुढे १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याच्या सुट्टीला कलमच आलं.

माझे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. रविवारी ते उशिरा उठायचे, दाढी करून भजनाला जायचे, दुपारी झोपायचे. त्यांचा तो हक्काचा दिवस आणि तो त्यांना मिळायलाच हवा होता, सहा दिवस कापसाची धूळ खाल्लेला माणूस तो. पण माझी आई खानावळ चालवायची, गावाकडून आलेले चौदा कामगार आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत जेवून जायचे. रविवारी त्यांची सुट्टी म्हणजे सगळे एकदम दुपारी जेवायला आणि मटण पाहिजे. आईचा सगळ्यात जास्त कामाचा दिवस रविवार. पहाटे चारला पाट्यावर वाटण घालायला बसायची, मला तो वरवंट्याचा आवाज अजून ऐकू येतो. १९८२ च्या संपानंतर खानावळ बंद पडली तेव्हा ती म्हणाली आता रविवारी काय करायचं असतं. तेव्हा ती साठीच्या घरात होती. मी तिला आयुष्यात कधी भाजी निवडून दिली नाही, त्याची आज लाज वाटते.

ओसरी मुली, तुझ्या घरात कामाला मावशी येत असतील तर त्यांना रविवार आहे का तेही बघ.

ओसरी
बुधवार, दुपारी १:४५

काका, लंचमध्ये वाचलं आणि डबा तसाच बाजूला ठेवला. आमच्याकडे पोळ्यांना मावशी येतात, सातही दिवस. दोन वर्षांपूर्वी त्यांनी रविवार मागितला होता, मीच म्हटलं होतं की रविवारी तर सगळे घरी असतात, तेव्हाच पोळ्या जास्त लागतात. आत्ताच फोन करून त्यांना सांगितलं की या रविवारपासून रविवारी येऊ नका, पगार तोच राहील. त्यांनी मला दोनदा विचारलं, नक्की ना.

नीलकंठी, तुझं 'कर्ता तूच' वाचून नवऱ्याला फोन पुढे केला. तो गप्प झाला. मग म्हणाला गोळ्या माझ्याकडे दे, आई माझीये.

केदार_हिंजवडी
बुधवार, रात्री ११:०५

घरकामाचं माझं जास्त नाही, एकटाच राहतो, डबा लावलाय. पण शनिवार-रविवार माझाही जात होता, ऑफिसमुळे. लॅपटॉप घरी म्हटल्यावर शनिवारी सकाळी ग्रुपवर मॅनेजरचा मेसेज, 'क्विक प्रश्न आहे', आणि त्या क्विकमध्ये दुपारचे तीन वाजायचे. मागच्या वर्षी आजी गेली तेव्हा शेवटच्या रविवारी मी साताऱ्याला तिच्या खाटेशेजारी बसून कॉलवर होतो. ते मी विसरू शकत नाही.

त्यानंतर शुक्रवारचं एक ठरवलं. दुपारी चारला बाकी सगळं बंद करून एक मेल लिहितो: या आठवड्यात काय झालं, काय अडकलंय, कोणाकडे अडकलंय, सोमवारी सकाळी मी पहिल्यांदा काय हातात घेणार. मॅनेजर आणि टीम दोघांना. त्यांनी शनिवारी जे विचारलं असतं त्याची बहुतेक उत्तरं त्यातच असतात. सुरुवातीला दोन शनिवार मेसेज आले, मी सोमवारी नऊला उत्तर दिलं, काही बिघडलं नाही. आता महिन्यातून एखादा येतो आणि तो खरंच अर्जंट असतो, मग मी करतो पण. सोमवारचं काम कागदावर उतरवून ठेवल्यामुळे रविवारी संध्याकाळी पोटात जो गोळा यायचा तो पण कमी झालाय, हे मला अपेक्षित नव्हतं.

विश्रामबाग_सांगली
गुरुवार, सकाळी ८:३०

कापड दुकानात कामाला आहे, सेल्समन. रविवारी तर आम्हाला मान वर करायला वेळ नसतो, लग्नसराईत तर विचारूच नका. पूर्वी दुकान आठवड्यातून एक दिवस बंद असायचं तर सगळ्यांना सुट्टी एकदम. २०१७ चा दुकानांचा नवीन कायदा आला, आता सातही दिवस उघडं ठेवता येतं पण प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तास सुट्टी द्यावीच लागते, तर आम्ही आळीपाळीने घेतो. माझी मंगळवारी. पोरांची शाळा, मंडळी अंगणवाडीत, मी एकटा घरात. त्यामुळे मी उलटं केलंय, घरची सगळी कामं मंगळवारी मीच करतो, रेशन, गिरणी, गहू निवडणं, झाडलोट, सगळं. मंडळींना रविवारी हात लावायला काही ठेवत नाही. ती रविवारी पोरांना घेऊन हरिपूरला संगमावर जाते. मला एकत्र सुट्टी वर्षातून दिवाळीलाच. पण घरात एक माणूस तरी मोकळा असावा असं मला वाटतं. संध्याकाळी आली की पोरं सांगत बसतात काय काय बघितलं ते, मला तेवढं पुरतं.

नीलकंठी
गुरुवार, सकाळी ९:०५

विश्रामबाग दादा, फार बरं वाटलं वाचून. वहिनींना नमस्कार सांगा.

एडिसनची_सुनबाई
गुरुवार, सकाळी ९:५०

न्यू जर्सीहून. इथे मावशी नाहीत, इस्त्रीवाला नाही, त्यामुळे शनिवार पूर्ण घराचा आणि रविवारी सकाळी मुलांची मराठी शाळा, तिथे मी शिकवते. आम्ही चार घरांनी मिळून एक केलंय: शाळेनंतरचं जेवण दर रविवारी एका घराने सगळ्यांसाठी करायचं, वरण-भात-एक भाजी, गोड नाही, दुसरा पदार्थ नाही. महिन्यातून एक रविवार मी सोळा जणांचं करते आणि तीन रविवार आयतं जेवते. 'गोड नाही' हा नियम सगळ्यात कठीण गेला, पहिल्या महिन्यात प्रत्येकीने लपवून शिरा आणला. आता पाळतात.

ओसरी
गुरुवार, रात्री १०:२०

काल रात्री जेवण झाल्यावर सगळ्यांना बसवलं, सासूबाईंना पण. पर्वती_पायथा दादांसारखी यादी केली, आमची एकतीस निघाली. नीलकंठीच्या म्हणण्याप्रमाणे आधी खोडायची. सात खोडली. मग वाटली. नवरा: दळण, गोळ्या, गॅस, लाईट बिल, इस्त्रीचं देणं-घेणं. मुलगा: बूट, पाण्याच्या बाटल्या, स्वतःचं दप्तर शुक्रवारीच आवरणं, आणि प्रोजेक्ट असेल तर बुधवारच्या आत मला सांगणं, रविवारी रात्री नाही. मुलगी म्हणाली मला पण पाहिजे, तिला मोजे जोड्या लावायला दिले. आणि सासूबाई स्वतःहून म्हणाल्या, बसून होण्यासारखं असेल ते सगळं मला द्या, मला कोणी सांगतच नाही काही, मी दिवसभर टीव्ही बघत बसते. मी त्यांना त्रास नको म्हणून देत नव्हते. त्यांना वाटत होतं की त्यांचं निवडलेलं मला पसंत नाही. नऊ वर्षं एका घरात राहून हे आम्ही एकमेकींना बोललो नव्हतो.

आज संध्याकाळी आले तर पालक निवडून, पंचात गुंडाळून फ्रीजमध्ये. कूट केलेलं. लसूण सोललेला, वाटीभर. मी ओट्यापाशी नुसती उभी राहिले थोडा वेळ.

एक मात्र फसलं. मटकी रविवारऐवजी मंगळवारी भिजवली तर काल तिला वास आला, चिकट झाली, टाकून द्यावी लागली. या पावसाळी हवेत काय करता?

मधुरा_गो
गुरुवार, रात्री १०:४५

पाणी राहिलं असेल. सकाळी डब्याच्या वेळी भिजत घाल, आठ-दहा तास पुरे, त्यापेक्षा जास्त नको. संध्याकाळी दोन-तीन पाण्याने धू, मग रोळीत अर्धा-पाऊण तास निथळू दे, पूर्ण निथळलं पाहिजे, इथेच सगळ्या चुका होतात. मग कोरड्या सुती फडक्यात सैल बांध, घट्ट पुरचुंडी केली की आत हवा जात नाही आणि वास येतो. रोळीतच ठेव, खाली ताटली. सकाळी उघडून हात फिरव, फार ओलं वाटलं तर फडकं बदल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मोड दिसतील, बोटाच्या अर्ध्या पेराएवढे झाले की डब्यात भरून फ्रीजमध्ये, तीन दिवस छान राहते. तिथे डब्यात खाली टिश्यू नाहीतर फडक्याचा तुकडा घाल.

कळंबा_नाका
गुरुवार, रात्री ११:१०

आणि वाटण करत असाल तर कांदा-खोबरं नीट तांबूस भाजून, पूर्ण गार करून, पाणी न घालता वाटायचं, बर्फाच्या ट्रेमध्ये घालून फ्रीजरला. गोठलं की वड्या काढून पिशवीत. ऐनवेळी दोन वड्या टाकल्या की उसळ. मी एकदाच महिन्याचं करते. आलं-लसूण मात्र तेल-मीठ घालून छोट्या बाटलीत, आठवड्याचंच, जास्त केलं की हिरवट पडतं.

नीलकंठी
शुक्रवार, सकाळी ८:५०

ओसरी, सासूबाईंचं वाचून डोळ्यात पाणी आलं. एक काळजी घे फक्त, यादी वाटली तरी 'झालं का' विचारायचं काम तुझ्याकडे राहतं, तेच सगळ्यात दमवणारं. ते पण वाट. आमच्याकडे यादी फ्रीजच्या दारावर आहे, ज्याचं त्याने खूण करायची. नवऱ्याने एकदा दळण आणलं नाही, मी मुद्दाम आठवण केली नाही, रात्री भात खाल्ला सगळ्यांनी. पुढच्या आठवड्यापासून तो विसरला नाही.

चाळ_क्रमांक_४
शुक्रवार, सकाळी १०:०५

आजपासून इथली भाजी मी निवडतो असं सुनेला सांगितलं. तिने गवार दिली. शिरा काढायला वेळ लागला पण केली.

ओसरी
रविवार, रात्री ९:३०

आजचा रिपोर्ट द्यायला आले. सगळं झालं नाही हे आधी सांगते. शुक्रवारचं मशीन राहिलं कारण गाड्या लेट होत्या, मी सव्वानऊला घरी पोचले, तर ते काल शनिवारी लावलं. लाईट बिल भरायचं राहिलंय, मी विचारलेलं नाही. सोसायटीची मीटिंग आज होतीच, नवरा गेला. दुपारी सासूबाईंनी मुगाची खिचडी सांगितली, पोळ्या नाहीत म्हणून कोणी काही बोललं नाही, उलट मुलगा म्हणाला दर रविवारी हेच करा, वर तूप आणि भाजलेला पापड.

सकाळी साडेनऊलाच माझ्या हातात काही उरलं नाही. पहिला अर्धा तास मला नीट बसताच येईना, उगाच दोनदा ओटा पुसला, मग पर्स उचलली आणि बदलापूरला गेले, बहिणीकडे, न कळवता. ती एकदम घाबरली, काय झालं म्हणून. म्हटलं काही नाही, आलेय. तिच्या गॅलरीत खाली चटई टाकून बसलो. चहा तिने केला, तिला पण उठू नको म्हटलं तर ऐकेना.

विचारलं तिला. जूनपासून थायरॉईडचा त्रास चालू आहे, गोळ्या सुरू झाल्यात, डॉक्टरांनी तीन महिन्यांनी परत तपासायला सांगितलंय. त्या रविवारी ती मला तेच सांगायला आली होती. मी नारळ खवत होते म्हणून थांबली आणि मग राहूनच गेलं.

पुढची तपासणी ज्या शनिवारी आहे त्या शनिवारी मी तिच्याबरोबर जाणार आहे. तो दिवस फ्रीजवरच्या यादीत सगळ्यात वर लिहिलाय. मुलांचे क्लास त्या दिवशी नवरा बघतो म्हणाला, पण त्याला त्या शनिवारी हाफ-डे टाकावा लागेल, त्याचा अर्ज उद्याच करतोय.

पर्वती_पायथा
रविवार, रात्री ९:५०

ताई, छान झालं. बहिणीला लवकर बरं वाटू दे.

मधुरा_गो
रविवार, रात्री १०:००

आणि मटकी?

ओसरी
रविवार, रात्री १०:०५

आत्ताच उघडून बघितली. मोड आलेत, वास अजिबात नाही. उद्याच्या डब्याला उसळ.